मंथरा आणि मिसेस डिसा

२५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका सुरू झाली आणि त्यानंतर दीड वर्ष ह्या देशातील रविवारची सकाळ तिच्या स्वाधीन झाली. रस्ते ओस पडू लागले. ज्यांच्या घरी दूरचित्रवाणी संच नव्हता त्यांनी शेजाऱ्यांच्या दाराशी गर्दी केली. काही रविवार उलटल्यावर कैकेयीच्या महालात काठी टेकीत एक वाकलेली दासी शिरली. ती कोण, हे कोणालाही सांगावे लागले नाही. आकसलेला डावा डोळा दिसताच आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी ओळखले की आता ह्या घराचे काही खरे नाही. मंथरेच्या मुखातून पहिला शब्द निघण्यापूर्वीच प्रेक्षकांच्या मनात तिचा निकाल लागलेला होता.

ही मंथरा म्हणजे ललिता पवार. त्यांनी तेव्हा वयाची सत्तरी गाठलेली होती. मूकपटाच्या काळात पडद्यावर आलेली ही अभिनेत्री बोलपट, रंगीत चित्रपट आणि सिनेमास्कोप अशी सारी स्थित्यंतरे पार करून दूरचित्रवाणीच्या लहानशा काचेवरही तितक्याच सहजतेने स्थिरावली. इतका दीर्घ प्रवास करणारी माणसे भारतीय चित्रपटाच्या इतिहासात फार थोडी आहेत. तरीही त्यांचे नाव उच्चारताच लोकांना आठवते ती खाष्ट सासू. मराठी घरांतून तर त्यांचे नाव विशेषनाम न राहता एक प्रकारचे विशेषण होऊन बसले. हा गौरव की अन्याय, ह्याचा विचार शांतपणे करावयास हवा. त्यांच्या कारकीर्दीकडे नीट पाहिले तर ती केवळ एका नटीची कथा राहत नाही. चेहऱ्यावरून माणसाची पारख करण्याची जी सवय समाजाला जडलेली आहे, तिचीही ती कथा ठरते.

नायिका आणि निर्माती

ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ चा, नाशिक जिल्ह्यातील येवले गावचा. पैठणीमुळे प्रसिद्ध असलेल्या ह्या गावात जन्मलेल्या मुलीचे मूळ नाव अंबा. १९२८ च्या सुमारास, म्हणजे बारा वर्षांच्या वयात, ती मूकपटांतून बालकलाकार म्हणून चमकू लागली. त्या काळी घरंदाज स्त्रियांना चित्रपटाचे दार जवळजवळ बंद होते आणि जी मुलगी तिकडे वळे तिच्याबद्दल बरे बोलले जात नसे. अशा काळात ह्या मुलीने केवळ काम केले असे नाही, तर पुढे नायिकेचे स्थान मिळविले आणि निर्मितीतही पाऊल टाकले. १९३२ सालच्या ‘कैलाश’ ह्या मूकपटाच्या त्या सहनिर्मात्या होत्या. नंतर बोलपटाच्या काळात ‘दुनिया क्या है’ ह्या चित्रपटाच्या निर्मितीतही त्यांचा हात होता. सोळाव्या वर्षी निर्मितीची जबाबदारी उचलणारी ही तरुणी आणि ‘सुनेला छळणारी म्हातारी’ ही पुढची प्रतिमा, ह्यांच्यात किती अंतर आहे ह्याची कल्पना आजच्या प्रेक्षकाला सहसा नसते.

बोलपट आल्यावर अनेक मूकपट-तारकांची सद्दी संपली. ज्यांना हिंदी बोलता येत नव्हते किंवा ज्यांचा आवाज यंत्राला मानवत नव्हता, त्या मागे पडल्या. ललिताबाई ह्या परीक्षेतूनही पार पडल्या. साहसपटांतून त्यांनी धाडसी नायिका रंगविल्या. मराठीत भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’मध्ये आणि वि. स. खांडेकरांच्या कथेवर मास्टर विनायकांनी १९४१ मध्ये काढलेल्या ‘अमृत’मध्ये त्यांनी कामे केली. वयाची पंचविशी गाठेपर्यंत एका यशस्वी नायिकेच्या वाटेवर त्या बऱ्याच पुढे आलेल्या होत्या.

एक थप्पड

१९४२ साली ‘जंग-ए-आझादी’ ह्या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. एका दृश्यात नायिकेला थोबाडीत मारावयाची होती. मारणारे सहकलाकार होते भगवान, म्हणजेच पुढे १९५१ च्या ‘अलबेला’मुळे घरोघरी पोहोचलेले भगवानदादा. हात अंदाजापेक्षा जोरात बसला. त्या आघाताने ललिताबाईंच्या चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला आणि डाव्या डोळ्याची शीर फुटली. उपचार दीर्घकाळ चालले. ते तीन वर्षे चालले असे सांगितले जाते. चेहरा पुष्कळसा सावरला, परंतु डावा डोळा कायमचा आकसला.

ह्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. तो अपघात होता आणि अपघात म्हणूनच त्याची नोंद व्हावयास हवी. पण अपघात कोठे घडला, हेही विसरून चालणार नाही. तो घडला कामाच्या जागी, काम चालू असताना आणि कामाचाच एक भाग म्हणून. गिरणीत कामगाराचा हात पट्ट्यात सापडावा, तसाच हा प्रकार होता. आपल्या देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालीच झालेला होता. त्याच्या परिशिष्टात बोट गेले तर किती, हात गेला तर किती, एक डोळा गेला तर किती, अशी टक्केवारी दिलेली होती. मात्र तो कायदा गिरण्या, खाणी, रेल्वे अशा ठिकाणच्या श्रमिकांना डोळ्यांपुढे ठेवून केलेला होता. जिचे उत्पन्न सर्वस्वी तिच्या चेहऱ्यावर अवलंबून आहे, अशा नटीच्या चेहऱ्याचे मोल त्या तक्त्यात कोठेच नव्हते.

चित्रपटांत काम करणाऱ्यांना कामगार म्हणून कायद्याने ओळखावे, ह्यासाठी पुढे जवळजवळ चाळीस वर्षे जावी लागली. चित्रपट कामगार आणि चित्रपटगृह कामगार ह्यांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा संसदेने १९८१ साली केला. त्यात कलावंत आणि तंत्रज्ञ ह्यांच्याशी लेखी करार करण्याचे बंधन आले. कामाच्या ठिकाणची सुरक्षितता आणि आरोग्य ह्यांविषयी २०२० साली जी संहिता मंजूर झाली, तिच्यात दृक्‌श्राव्य माध्यमांतील कामगारांचा समावेश झाला. पडद्यावर दिसणारा माणूस प्रेक्षकांच्या दृष्टीने प्रथम कलावंत असतो. त्याचे अंग मेहनतीचे असते, त्याला इजा होते, त्याचे पोट त्या मेहनतीवर चालते, ही गोष्ट कायद्याला कळावयास इतका उशीर लागला. प्रेक्षकांना ती आजही पुरती कळली आहे असे म्हणवत नाही.

‘ध’चा ‘मा’

डोळा आकसलेल्या नायिकेला त्या काळच्या चित्रसृष्टीत जागा नव्हती. दुसऱ्या एखादीने त्या दिवशी तो व्यवसाय सोडला असता, तर तिला कोणी दोष दिला नसता. ललिताबाईंनी तसे केले नाही. १९४४ मध्ये ‘प्रभात’चा ‘रामशास्त्री’ प्रदर्शित झाला. गजानन जागीरदारांच्या रामशास्त्र्यांसमोर ललिता पवार ह्यांची आनंदीबाई उभी होती. नारायणराव पेशव्यांना ‘धरावे’ ह्या आज्ञेतील ‘ध’चा ‘मा’ करून त्यांच्या हत्येचे निमित्त झालेली, अशी जिची मराठी जनमानसात कायमची ख्याती, तीच ही आनंदीबाई. ज्या अभिनेत्रीच्या स्वतःच्या आयुष्याच्या लेखात एका क्षणात असा एक अक्षरबदल होऊन गेला होता, तिच्याकडे ही भूमिका यावी हा योगायोग विलक्षण खरा. पण योगायोगापेक्षा महत्त्वाचे आहे ते त्यांनी केलेले काम. त्यांच्या आनंदीबाईत महत्त्वाकांक्षा होती, करारीपणा होता. केवळ कपटी बाई म्हणून तिच्याकडे बोट दाखवून मोकळे होता येत नव्हते.

येथून त्यांची चरित्र अभिनेत्री म्हणून खरी कारकीर्द सुरू झाली. हा शब्द चित्रसृष्टीने रूढ केला तेव्हा त्याच्या मराठी अर्थाचा फारसा विचार झाला नसावा. मराठीत चरित्र म्हणजे एखाद्याची जीवनकथा. चित्रपटात जीवनकथा असते नायकाची. चरित्र अभिनेत्याच्या वाट्याला येतात चार-दोन प्रसंग. त्या चार-दोन प्रसंगांतून एका संपूर्ण आयुष्याचा भास त्याला निर्माण करावयाचा असतो. ह्या बाईचे लग्न कसे झाले असेल, तिने काय सोसले असेल, रात्री एकटी असताना ती कोणता विचार करीत असेल, हे संवादांत लिहिलेले नसते. ते उभे राहण्यात, पदर सावरण्यात, पानाच्या डब्याकडे हात नेण्यात दाखवावे लागते. नायक तीन तासांत जे करतो ते चरित्र अभिनेत्याने दहा मिनिटांत करावयाचे, आणि मोबदला मात्र त्या दहा मिनिटांच्या हिशेबाने घ्यावयाचा, असा ह्या व्यवसायाचा रिवाज आहे.

ह्या क्षेत्रात मराठी अभिनेत्रींनी हिंदी पडद्याला जे दिले त्याचा हिशेब अजून नीट मांडला गेलेला नाही. दुर्गा खोटे, लीला चिटणीस, सुलोचना आणि ललिता पवार ह्या चौघींनी हिंदी चित्रपटातील ‘आई’ घडविली असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. दुर्गाबाईंच्या वाट्याला राजमातेचा भारदस्तपणा आला. लीलाबाईंच्या वाट्याला दारिद्र्यात झिजणारी आई आली. सुलोचनाबाई म्हणजे मूर्तिमंत वात्सल्य. जे उरले, म्हणजे राग, ताठा, मत्सर, अधिकाराची हाव आणि घरावर चालणारी हुकमत, ते सारे ललिताबाईंच्या पदरात पडले. पहिल्या तिघींना प्रेक्षकांनी नमस्कार केला आणि चौथीला शिव्या दिल्या. वस्तुतः चौघींनी मिळून एकाच स्त्रीचे चित्र पुरे केले होते.

सासूचा सोयीस्कर अर्थ

१९५० साली व्ही. शांतारामांचा ‘दहेज’ आला. हुंड्याच्या प्रश्नावरील ह्या चित्रपटात सुनेला गांजणारी सासू ललिताबाईंनी केली. ती इतकी प्रभावी ठरली की पुढील तीन दशके सासू म्हटले की निर्मात्यांना त्यांचेच नाव सुचू लागले. हुंडाप्रतिबंधक कायदा १९६१ मध्ये झाला आणि विवाहितेचा छळ हा दंडसंहितेत स्वतंत्र गुन्हा ठरला तो १९८३ मध्ये. म्हणजे कायदा जागा होण्याच्या कितीतरी आधी पडद्यावरच्या ह्या सासूने तो प्रश्न घरोघरच्या बायकांसमोर आणून ठेवला होता. मॅटिनीच्या खेळाला गेलेल्या सुना ती सासू पाहून मुसमुसत आणि तिच्या फजितीला टाळ्या वाजवीत. घरी जे बोलता येत नव्हते ते थिएटरच्या अंधारात बोलून टाकल्याचे समाधान त्यांना मिळत असे. ह्या समाधानाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

पण ह्याची दुसरीही बाजू आहे. छळ करणारी बाई पडद्यावर जितकी भयंकर, तितके प्रश्नाचे मूळ दृष्टिआड होणे सोपे. हुंडा ठरविणारे पुरुष, तो मोजून घेणारा सासरा आणि आईच्या आड उभा राहून गप्प बसणारा नवरा, ही मंडळी अशा चित्रपटांतून बहुधा निर्दोष सुटतात. सारे पाप एका म्हाताऱ्या बाईच्या माथी मारले की शेवटच्या रिळात तिला पश्चात्ताप व्हावा आणि घर पुन्हा सुखी व्हावे, एवढेच उरते. जिने स्वतः सून म्हणून तेच सोसले आणि आता घरात मिळालेला एकमेव अधिकार जी मुठीत घट्ट धरून बसली आहे, अशी सासू पटकथाकारांनी क्वचितच लिहिली. ललिताबाईंच्या अभिनयात तिच्या खुणा मात्र पुष्कळदा दिसतात. सुनेवर ओरडताना त्यांच्या आवाजात रागाबरोबर एक भीतीही असते. आपली जागा जाईल ही ती भीती. लेखकाने न लिहिलेले चरित्र अभिनेत्रीने भरून काढावयाचे असते ते असे.

एकाच वर्षी दोन रूपे

ललिताबाईंचे सामर्थ्य पाहावयाचे तर त्यांच्या एका सालच्या दोन भूमिका शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. १९५५ हे वर्ष घ्या. त्या वर्षी हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाला मान्यता दिली आणि त्याच वर्षी गुरुदत्तचा ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ आला. त्यात पुरुषांचा तिरस्कार करणारी आणि स्त्रीमुक्तीची व्याख्याने देणारी श्रीमंत सीतादेवी ललिताबाईंनी केली. भाचीचे लग्न एका बेकार व्यंगचित्रकाराशी लावावयाचे आणि लगेच घटस्फोट घ्यावयाचा, असा तिचा बेत असतो. स्त्रियांच्या हक्कांची मागणी करणारी बाई तऱ्हेवाईकच असली पाहिजे, हा त्या काळचा समज ह्या पात्रात उतरलेला आहे आणि आज तो खटकतो. त्याच वर्षी राज कपूरच्या ‘श्री ४२०’मध्ये ललिताबाई मुंबईच्या फूटपाथवर केळी विकीत बसल्या होत्या. ती गंगामाई. खेड्यातून नशीब काढावयास आलेल्या तरुणाला महानगरात पहिला मायेचा शब्द मिळतो तो तिच्याकडून. बोलणे फटकळ, मन निर्मळ, आणि गरिबीत राहूनही कोणापुढे न वाकणारी मान. सीतादेवीच्या दिवाणखान्यातील डोळा आणि गंगामाईच्या टोपलीमागचा डोळा एकच होता. पहिला पाहून प्रेक्षक सावध झाला आणि दुसरा पाहून विसावला.

चार वर्षांनी हेच पुन्हा घडले. १९५९ साली बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’मध्ये त्या विटाळ मानणाऱ्या आत्याबाई झाल्या. ब्राह्मण घरात वाढणाऱ्या अस्पृश्य मुलीची सावली ज्यांना सोसत नाही अशा ह्या बाई आहेत, पण त्या राक्षसी नाहीत. शेजारच्या कोणत्याही घरात सापडतील इतक्या त्या साध्या, पोथीपुराणात रमणाऱ्या आहेत. अस्पृश्यता अशा साध्या माणसांच्या आधारानेच टिकते, हे त्या भूमिकेने दाखवून दिले. त्याच वर्षी हृषीकेश मुखर्जींच्या ‘अनाडी’मध्ये मिसेस डिसा आली.

मिसेस डिसा ही एक ख्रिस्ती घरमालकीण. भाड्यासाठी ती भाडेकरूला फैलावर घेते आणि तोच भुकेला आहे असे दिसले की काहीतरी निमित्त काढून त्याच्या पुढ्यात ताट सरकविते. आपण दया करतो आहोत हे त्याला कळू नये म्हणून तिची जी धडपड चालते, ती पाहताना हसूही येते आणि गळाही दाटतो. एका धनिकाच्या कंपनीने बाजारात आणलेल्या सदोष औषधाने तिचा बळी जातो. ह्या भूमिकेसाठी ललिताबाईंना सहायक अभिनेत्रीचे ‘फिल्मफेअर’ पारितोषिक मिळाले. पारितोषिकापेक्षाही मोठी दाद पुढे मिळाली. १९७१ साली ‘आनंद’ काढताना हृषीकेश मुखर्जींनी रुग्णालयातील कडक पण मायाळू मेट्रनच्या भूमिकेसाठी त्यांनाच बोलाविले आणि तिचेही नाव डिसाच ठेवले. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या आनंदला रागावणारी ती मेट्रन ज्यांनी पाहिली, त्यांना ‘अनाडी’तील म्हातारी पुन्हा भेटल्यासारखे वाटले.

ह्या दोन टोकांच्या मध्ये त्यांनी विनोदही केला. १९६१ च्या ‘जंगली’त त्या घरात हसण्याला बंदी करणाऱ्या आई होत्या. १९६२ च्या ‘प्रोफेसर’मध्ये त्या भाच्यांना शिस्तीच्या कुलपात ठेवणाऱ्या प्रौढ कुमारिका होत्या. तरुण नायक म्हाताऱ्या शिक्षकाचे सोंग घेऊन घरात येतो आणि ह्या करड्या बाईंना त्याच्याविषयी ओढ वाटू लागते. त्या आरशासमोर उभ्या राहतात, नटू लागतात, लाजतात. प्रेक्षागृहात हशा पिकतो. पण त्या हशाच्या खाली एका बाईचे न जगलेले तारुण्य आहे, हे ललिताबाई विसरू देत नाहीत. हास्यास्पद होण्याची तयारी ठेवून हास्यास्पद न होणे ही अभिनयातील फार अवघड गोष्ट आहे.

व्यंग आणि दुष्टावा

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. जो डोळा मिसेस डिसाच्या चेहऱ्यावर मायेचा वाटतो तोच सासूच्या चेहऱ्यावर कपटाचा का वाटावा? उत्तर उघड आहे. डोळ्यात माया नसते आणि कपटही नसते. ते भूमिकेत असते, अभिनयात असते आणि बरेचसे पाहणाऱ्याच्या मनात असते. पण शारीरिक व्यंग हे आतल्या दुष्टाव्याचे बाह्य लक्षण आहे, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. मंथरा कुबडी, शकुनी बहुधा लंगडा आणि राक्षस विद्रूप, असे रंगविण्याची प्रथा कीर्तनापासून तमाशापर्यंत आणि नाटकापासून चित्रपटापर्यंत अखंड चालत आलेली आहे. आंधळा, लंगडा, तिरळा ह्या शब्दांचा आपल्या भाषेत शिवीसारखा उपयोग होतो. शाळेच्या वर्गात ज्या मुलाचा डोळा तिरका असतो त्याला पहिले टोपणनाव कोणते मिळते, हे शिक्षकांना सांगावयास नको.

चित्रपटाने ही समजूत निर्माण केली नाही, पण तिचा वापर मात्र केला. अपघाताने आकसलेला एक डोळा त्याला आयता मिळाला आणि त्या डोळ्यावर त्याने खलत्वाचा शिक्का मारला. ललिताबाईंनी तो डोळा लपविला नाही. काळ्या चष्म्याच्या आड त्या गेल्या नाहीत, किंवा कॅमेऱ्याकडे केवळ उजवी बाजू करून उभ्या राहिल्या नाहीत. उलट भुवई, ओठ आणि मान ह्यांच्या हालचालींशी त्या डोळ्याची अशी सांगड त्यांनी घातली की तो उणेपणा त्यांच्या हातातील एक हत्यार झाला. हत्यार चालविणारीचे कौशल्य निर्विवाद आहे. ते सतत एकाच दिशेने चालविण्यास तिला कोणी भाग पाडले, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. शेकडो भूमिकांतून गंगामाई, मिसेस डिसा आणि मेट्रन अशा मोजक्याच बायका त्यांना मिळाव्यात, ह्यात त्यांच्या शक्तीची मर्यादा दिसत नाही. मर्यादा दिसते ती निर्मात्यांच्या धैर्याची आणि प्रेक्षकांच्या रुचीची.

सन्मानाच्या बाबतीतही असेच झाले. चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च मानला जाणारा दादासाहेब फाळके पुरस्कार १९६९ सालापासून दिला जाऊ लागला. दुर्गा खोटे ह्यांना तो १९८३ सालासाठी मिळाला. खलनायक म्हणून गाजलेल्या प्राण ह्यांना तो मिळावयास २०१२ साल उजाडले, आणि तोवर ते नव्वदी ओलांडून गेले होते. ललिता पवार ह्यांच्या वाट्याला तो आलाच नाही. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यातील औंध येथे, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

लहान पडद्यावरचा निकाल

‘रामायण’ मालिकेतील मंथरा त्यांना नवी नव्हती. बाबूभाई मिस्त्री यांच्या १९६१ च्या ‘संपूर्ण रामायण’ ह्या चित्रपटातही त्यांनीच ती केली होती. पंचवीस वर्षांनी तीच भूमिका दूरचित्रवाणीसाठी करताना त्यांनी तिच्यात एक बदल केला आहे, असे लक्षपूर्वक पाहणाऱ्यास जाणवते. मालिकेतील मंथरा केवळ विष ओकत नाही. कैकेयीला तिने लहानपणापासून सांभाळले आहे. राम राजा झाला तर आपल्या मुलीसारख्या राणीचे काय होईल, ह्या काळजीने ती ग्रासलेली आहे. तिचा सल्ला घातक आहे, पण तो देताना तिच्या आवाजात एका म्हाताऱ्या दाईचा खराखुरा जिव्हाळा आहे. दूरचित्रवाणीचा पडदा लहान, चेहरा जवळून दिसणारा. जवळून पाहण्याची तयारी असेल तर मंथरेच्या आतही एक मिसेस डिसा सापडते. २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीच्या दिवसांत, दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखविली. तेव्हा ललिताबाईंना जाऊन बावीस वर्षे झाली होती. त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलांनीही काठी टेकीत येणारी ती दासी पाहताच आजीआजोबांप्रमाणेच तिच्यावर राग धरला असेल. चरित्र अभिनेत्याला मिळणारे अमरत्व असे असते. त्यात नाव पुष्कळदा गळून पडते आणि चेहरा उरतो.

वाल्मीकींच्या अयोध्याकांडात एक प्रसंग आहे. दशरथाच्या मृत्यूनंतर अलंकार घालून मिरविणारी मंथरा शत्रुघ्नाच्या तावडीत सापडते. संतापलेला शत्रुघ्न तिला फरफटत नेतो. त्या वेळी भरत त्याला आवरतो. स्त्रीवर असा हात टाकता येणार नाही, आणि ह्या कुबडीला मारल्याचे रामाला कळले तर तो आपल्याशी बोलणारही नाही, असे भरत त्याला बजावतो. ज्या काव्यात मंथरेमुळे एवढा अनर्थ घडला, त्या काव्यानेही तिच्यावर उगारलेला हात धरून ठेवला. एका हाताच्या आघाताने जिचा चेहरा बदलला आणि त्या बदललेल्या चेहऱ्यासाठी जिला जन्मभर दुष्ट ठरविण्यात आले, त्या अभिनेत्रीचा विचार करताना प्रेक्षकांनी निदान भरताएवढा तरी विवेक दाखवावयास हरकत नसावी. येत्या वर्षाच्या आरंभी एखाद्या वर्गात तिरक्या डोळ्याचे मूल येऊन बसेल. त्याला कोणते नाव मिळते, ह्यावरून तो विवेक कितपत रुजला हे कळून येईल.